चार सुपाऱ्यांची फळी

काकांच्या हातून कुठलीही वस्तू घेणं म्हणजे एक छोटा समारंभच असायचा. मग तो चहाचा कप असो, गेटची किल्ली असो, नाहीतर कढीपत्त्याची काडी. ते वस्तू पुढे करायचे, आपण ती धरायची, आणि तरी ते सोडायचे नाहीत. थेट डोळ्यांत बघून विचारायचे, "घेतलं?" आपण "घेतलं" म्हणेपर्यंत त्यांची बोटं तसूभर हलायची नाहीत. नुसती मान हलवून भागायचं नाही. "हो" म्हणूनही नाही. "घेतलं" असंच म्हणावं लागायचं, आणि तेही नीट ऐकू जाईल असं.

वारज्यात त्यांच्या वरच्या खोलीत मी भाडेकरू म्हणून गेले त्या दिवशी मला हे कुठून माहीत असणार? मी किल्ली धरली, ओढली. काकांनी धरून ठेवली. मी परत ओढली. म्हटलं, हा माणूस खोली देतोय की नाही देत? अमरावतीहून रात्रभर बसून आलेली मी, पाठ मोडलेली, डोक्यात नुसती चीड. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अगं मुली, घेतलं म्हण आणि मोकळी हो. नाहीतर आज दोघंही तिथेच जेवाल."

"घेतलं," मी म्हटलं. किल्ली सुटली.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे त्यांच्या खात्यात एका हातातून दुसऱ्या हातात जी वस्तू जायची ती खाली पडून चालणारी नव्हती. देणाऱ्यानं विचारायचं, घेणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं, मगच हात काढायचा. नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली होती, पण ते बोटांना कुणी कळवलंच नव्हतं. त्या घरात कधी काही आपटायचं नाही. आमच्याकडे भांड्यांचा आवाज आल्याशिवाय स्वयंपाक झालासा वाटत नाही. इथे परात ओट्यावर ठेवली तरी ती ठेवली की नाही ते बघायला जावं लागायचं. सुरुवातीला मला त्या शांततेची भीतीच वाटायची.

एकदा मैत्रिणीच्या लग्नाला मला सोलापूरला जायचं होतं. काका स्कूटरवरून स्वारगेटला सोडायला आले. गाडीत ही गर्दी! मी कशीबशी खिडकीची जागा पकडली आणि काकांनी बाहेरून माझी पिशवी वर केली. मी धरली. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी हलली. काका पिशवीला धरून गाडीबरोबर चालायला लागले. काहीतरी विचारतायत, पण त्या गोंगाटात मला ऐकू येईना. मी आपली "अच्छा काका, अच्छा!" करतेय. काका पळायला लागले. सगळी गाडी बघतेय. शेवटी मागच्या सीटवरचे एक आजोबा ओरडले, "अहो ताई, ते काय विचारतायत त्याचं उत्तर द्या की! म्हातारा माणूस सोलापूरपर्यंत पळणार आहे का?" तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. "घेतलं! घेतलं हो काका!" मी अशी किंचाळले की ड्रायव्हरनं ब्रेकच मारला. काका मात्र थांबले, रुमालानं कपाळ पुसलं आणि मला शांतपणे हात केला.

पण हे झालं वरवरचं वेड. आतलं वेड निराळंच होतं, आणि ते मला कळलं ते झोपेत.

मी झोपेची पक्की. घरी आई म्हणायची, हिच्या उशाशी ताशा वाजवा, ही कूस बदलेल फक्त. वारज्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात पहाटे पहाटे मला गर्दीचे आवाज ऐकू यायला लागले. हजारो माणसं लांब कुठेतरी एकदम "ओऽऽ" करायची आणि मग गप्प व्हायची. मध्येच पेटीसारखं काहीतरी वाजायचं. परत टाळ्या. मला वाटायचं, मी आमच्या गावच्या जत्रेत हरवलेय आणि आई पलीकडच्या बाजूला बांगड्या भरतेय. जाग आली की खिडकीबाहेर अंधार, आंब्याचं झाड, खाली रस्त्यावर एखादा दूधवाला. आणि गर्दी चालूच.

एके दिवशी मी तणतणत खाली गेले. म्हटलं, आज विचारतेच, माणसानं झोपायचं की नाही? तर खाली दिवाणखान्यात दिवा नाही. पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल, त्याच्या उजेडात काका पाटावर बसलेले, काकू खुर्चीत शाल घेऊन चहा पितायत. मोबाइलवर एवढं मोठं हिरवंगार मैदान आणि त्यावर पिवळं, तिरपं, मावळतीचं ऊन पडलेलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बेसबॉल," काका म्हणाले. आमटी आहे म्हणावं तसं.

"आत्ता? या वेळेला?"

"तिकडे आत्ता कालची संध्याकाळ आहे. बस."

कालची संध्याकाळ! माझा काल तर कधीच संपला होता. डबा खाऊन, साहेबाची बोलणी खाऊन मी तो मिटून ठेवला होता. आणि इथे तो अजून कुणीतरी वापरत होतं, त्याचं ऊन अजून गवतावर होतं. मी भांडायला आले होते ते विसरले आणि बसले. काकूंनी न विचारता कपात चहा ओतला, काकांच्या हाती दिला, काकांनी माझ्यापुढे केला.

"घेतलं?"

"घेतलं."

ही बेसबॉलची लागण झाली कशी, तर काकांचा मुलगा अमेरिकेत. काका-काकू एकदा उन्हाळाभर त्याच्याकडे राहिले. मुलगा-सून सकाळी ऑफिसला गेली की मोठ्या बंद घरात ही दोघं. काकू पुस्तक वाचायच्या. काका कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे. कुंपणापलीकडे एक एकटा म्हातारा अंगणात खुर्ची टाकून रेडिओ ऐकत बसायचा. काकांचं इंग्रजी कारखान्यातलं, त्या म्हाताऱ्याचं तोंडातल्या तोंडात. पण त्यानं काकांना अख्खा खेळ शिकवला, कुंपणावरून. येताना एक चेंडू दिला, पांढऱ्या चामड्याचा, लाल टाक्यांचा. काकांनी तो घेताना त्यालाही "घेतलं" म्हणून दाखवलं असणार, माझी खात्री आहे.

खेळ मला पुरता कळला असं मी आजही म्हणणार नाही. एक जण उंचवट्यावर उभा राहून चेंडू टाकतो, समोरचा दांडकं घेऊन उभा, एवढं कळलं. काकांना मात्र दांडकेवाल्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव टाकणाऱ्यांवर. सामना सुरू करणारा टाकणारा रोज एकच नसतो. आज ज्यानं टाकलं त्यानं पुढचे चार दिवस हात राखायचा, मग दुसऱ्याचा नंबर, मग तिसऱ्याचा. अशी पाच जणांची फिरती फळी. ही झाली आजची रीत. पण काका बघायचे तो संघ त्या म्हाताऱ्याचा, आणि त्याच्या तरुणपणी त्या संघात चारच जण होते, आणि ज्यानं सामना सुरू केला तोच तो संपवायचा. आता दमला की मॅनेजर येऊन त्याला बाहेर काढतो आणि उरलेला सामना दुसरे टाकतात.

या दोन फळ्यांची तुलना हा काकांचा धर्म होता. पाटावर ते सुपाऱ्या मांडायचे. वरच्या ओळीत चार, जुन्या. खालच्या ओळीत पाच, आजच्या. तिकडची नावं त्यांच्या जिभेला मानवायची नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. जुन्यांत सुभेदार, घड्याळजी, डावरा आणि मौनी. आजच्यांत लांबट्या, दाढीवाला, इंजिनियर, च्युइंगम. पाचव्याला नावच नव्हतं. तो नुसता पाचवा.

"देवाच्या सुपाऱ्या आहेत त्या," काकू म्हणायच्या. "गणपतीला काय आता शेंगदाणे मांडू?"

"गणपतीला नवीन आणल्यात."

"म्हणजे जुन्या यांच्या अमेरिकेला आणि नवीन माझ्या गणपतीला. निदान इथे तरी नव्याला मान आहे."

काका ऐकल्यासारखं दाखवायचे नाहीत. एक जुनी सुपारी उचलायचे, एक नवी उचलायचे, दोन तळव्यांवर धरून बघायचे. तुलना वेगाची नसायची, जिंकल्या-हरल्याची नसायची. त्यांची मापंच वेगळी. कोण घाम बाहीला पुसतो आणि कोण टोपीला. आपण टाकलेल्या चेंडूला मार बसला की कोण आकाशाकडे बघतो आणि कोण स्वतःच्या बुटांकडे. सुभेदार म्हणे कधीच वर बघायचा नाही. "चूक आकाशाची नसते," काका म्हणायचे, "हे त्याला ठाऊक होतं."

"तुम्ही पाह्यलं का त्याला?" मी विचारलं.

"ऐकलंय."

"मग ऐकलेल्याला एवढं काहून मानता?"

"काहून!" काका खूश व्हायचे. माझा वऱ्हाडी शब्द त्यांना गुळाच्या खड्यासारखा वाटायचा. "अगं, पाहिलेला माणूस म्हातारा होतो. ऐकलेला नाही होत."

सामन्यात एक क्षण यायचा तेव्हा मात्र पती-पत्नीचं जुंपायचं. टाकणारा दमलेला दिसायचा. मग मॅनेजर कडेच्या कट्ट्यावरून उठायचा आणि मैदानातून चालत यायचा. पळत नाही, चालत. अगदी सावकाश, अंगणात शतपावली केल्यासारखा. उंचवट्याशी येऊन काही बोलायचा नाही, नुसता हात पुढे करायचा, तळवा वर. टाकणाऱ्यानं चेंडू त्या तळव्यावर ठेवायचा आणि निघून जायचं. वाद घालायचा नाही, ही तिथली रीत.

"काढा हो त्याला, दमलाय बिचारा," काकू मोबाइलकडे बघून म्हणायच्या.

"अजिबात नाही! राहू दे! सुरू केलंय ना, मग संपवू दे की त्याला."

"त्याचा हात गळून पडेपर्यंत?"

"सुभेदाराचा पडला का?"

"मला काय माहीत? तुमच्या म्हाताऱ्याला विचारलंत कधी, त्या चौघांच्या हातांचं पुढे काय झालं?"

यावर काका सुपाऱ्या सरळ करायला लागायचे. मी आपली अर्ध्या झोपेत, गुडघ्यांना मिठी मारून बसलेली. बाहेर उजाडत असायचं, तिकडे अंधारत असायचं. मैदानावरचे मोठे दिवे लागायचे आणि आमच्या गल्लीतला दिवा विझायचा. मला वाटायचं, हे असंच चालू राहील. तेव्हा वाटतंच तसं.

दिवाळी झाल्यावर काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मी दार उघडायला खाली होते. काकांनी त्यांना खुर्चीतून पलंगावर ठेवलं, इतकं हळू, की पलंगाची फळीसुद्धा वाजली नाही. नंतर पांघरूण सारखं करून ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "आता बघ, मी कसा संपवतो सामना."

मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

हिवाळ्यात तिकडे सामने नसतात. पहाटे खालून आवाज यायचा नाही. काका पाटावर नसायचे, काकूंजवळ असायचे. अंघोळ, औषधं, भरवणं, कूस बदलणं, सगळं एकटे. मुलानं फोनवरून सांगून एका मावशींना कामाला लावलं. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांना चहा-पोहे दिले, आभार मानले आणि परत पाठवलं. मुलानं पुन्हा पाठवलं, काकांनी पुन्हा पोहे दिले. मी म्हटलं, "काका, शनिवार-रविवारी मी बसते की काकूंजवळ. आई आजारी होती तेव्हा केलंय मी, मला जमतं." ते म्हणाले, "तू पाचवी. अजून गरज पडली नाही." असा राग आला मला! वर जाऊन मी आईला फोन केला आणि अर्धा तास पुण्याच्या माणसांच्या नावानं बोटं मोडली.

व्यायाम घ्यायला एक मॅडम यायच्या. त्यांनी काकूंच्या उजव्या हातासाठी स्पंजाचा चेंडू दिला होता. काकूंनी तो डाव्या हातानं पलंगाखाली टाकून दिला आणि कपाटाकडे बोट केलं. त्यांना तो अमेरिकेतल्या म्हाताऱ्याचा चेंडू हवा होता. मग रोज सकाळी काका तो त्यांच्या तळव्यात ठेवायचे. हळूहळू बोटं त्यावर मिटायला लागली. काका हरखले. मॅडम म्हणाल्या, "पकड लवकर येते हो. सोडणं शिकायला वेळ लागतो. मिटलेली बोटं स्वतःहून उघडायला हवीत." ती काही उघडायची नाहीत. काका एकेक बोट सोडवायचे, तेव्हा चेंडू निघायचा. काकू भिंतीकडे बघत राहायच्या.

तोवर काका वाळत चालले होते. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. जिना चढून माझं टपाल द्यायला यायचे ते मध्ये दोनदा थांबायचे. एकदा मला कप देताना "घेतलं?" विचारलं आणि मी बघितलं, तर कप थरथरत होता. मी घाईनं "घेतलं" म्हटलं. ते हसले. "थंडी," म्हणाले. मार्च संपत आला होता आणि पंखा चालू होता.

मला भीती एकच वाटायची. हा माणूस थांबणार नाही, आणि एक दिवस पडेल. काकूंना हातात धरलेलं असताना पडेल. मग दोघांचं काय? मी हे त्यांना बोलूनही दाखवलं. "पडायचं नसतं," ते म्हणाले. झालं! संपला विषय.

एप्रिलमध्ये तिकडचे सामने सुरू झाले. पहाटे पुन्हा झोपेत मला गर्दी ऐकू आली, पेटी ऐकू आली. आई पलीकडे बांगड्या भरत होती. आणि त्या जत्रेत कुठेतरी भांडं पडलं. खणखणत, गोल गोल फिरत, खूप वेळ.

मी उठून बसले. आमच्या घरी असा आवाज झाला असता तर मी कूस बदलली असती. पण हे ते घर नव्हतं. या घरात भांडं पडत नाही. माय वं, काकू! मी तशीच पायऱ्या उतरले, दोन-दोन.

आतल्या खोलीत पाणी सांडलेलं, पातेलं दाराशी येऊन पडलेलं. काका पलंगाशी वाकलेले. काकूंना खुर्चीत बसवायला त्यांनी काखेत हात घालून उचललं होतं, आणि आता त्यांना पुढेही नेता येत नव्हतं आणि मागेही ठेवता येत नव्हतं. पाय ओल्या फरशीवर सरकत होते. तोंड पांढरंफटक. काकूंचं सगळं वजन त्या दोन हातांवर, आणि हात सोडत नव्हते.

"काका, थांबा, मी धरते!"

"नको. झालंच."

"अहो, पडाल!"

"झालंच म्हटलं ना."

मी धावत सुटणार तेवढ्यात काकूंनी माझ्याकडे बघितलं. झटक्यानंतर त्या फार थोडं बोलायच्या, शब्द जुळवून जुळवून. त्या काकांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दमलेत. काढ... ह्यांना."

मला एकदम कळलं काय करायचं ते. पळायचं नाही. मी चालत गेले, सावकाश, ओल्या फरशीवरून पाय रोवत. बाहेर मोबाइलवर गर्दी गुणगुणत होती. मी काकांच्या समोर जाऊन उभी राहिले, काही बोलले नाही. दोन्ही हात पुढे केले, तळवे वर.

काकांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे. इतका राग मी त्यांच्या डोळ्यांत कधी पाहिला नव्हता, आणि त्या रागाच्या मागे इतकी दमणूक. मी हात मागे घेतले नाहीत. मग त्यांनी काकूंना अलगद माझ्याकडे झुकवलं. मी त्यांच्या काखेत हात घातले, कंबर ताठ केली, पाय पक्के केले.

"घेतलं?" काकांनी विचारलं.

"घेतलं, काका."

तरी बोटं सुटेनात.

"घेतलं हो. नीट घेतलं."

आणि त्यांनी सोडलं.

मी काकूंना खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली. वळून बघते तर काका फरशीवर, त्या पाण्यातच बसलेले, भिंतीला टेकून. हात मांडीवर उताणे. मला वाटलं रडतायत. रडत नव्हते. म्हणाले, "म्हाताऱ्यानं सांगितलं होतं मला."

"काय?"

"सुभेदाराचं. पुढे त्याचा हात खांद्याच्या वर जायचा नाही. भांग पाडायचा तर बायको पाडून द्यायची. घड्याळजीचंही तसंच काहीतरी." ते काकूंकडे बघत होते. "तू विचारायचीस तेव्हा मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

काकूंनी एकेक शब्द जुळवला. "मला... माहीत होतं. तुम्ही... सुपाऱ्या... सरळ करायचात."

मी तिथून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडून घेतलं. काय माणसं ही! एक लपवतो, दुसरीला ते माहीत असतं, आणि दोघंही वर्षानुवर्षं त्याच सामन्यावर भांडतात.

त्या दिवशी काका झोपले ते दुपारी उठले. काकूंना मी मऊ भात भरवला. पहिला घास गिळून त्या म्हणाल्या, "उशीर... केलास." पुणेरी माणूस अर्धं अंग गेलं तरी आभार मानत नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

मग मावशींना परत बोलावलं. काकांनी पोहे दिले, पण या वेळी पाठवलं नाही. शेजारच्या वहिनी दुपारी तासभर येऊन बसायला लागल्या. काकांचे कारखान्यातले एक मित्र खडकीहून बस बदलत येऊन काकूंना पेपर वाचून दाखवायचे, त्यातल्या बातम्यांवर त्यांचं आणि काकूंच्या डोळ्यांचं भांडण चालायचं. शनिवार-रविवार माझे. आणि उरलेलं काकांचं. एका सकाळी मी खाली गेले तर पाटावर एकच ओळ होती, पाच सुपाऱ्यांची. चार जुन्या सुपाऱ्या देवघरात परत गेल्या होत्या, गणपतीजवळ.

"यातली माझी कुठली?" मी विचारलं.

"पाचवी. पण पाचव्याला आता नाव ठेवायला हवं." काका विचारात पडले. "काहून, कसं वाटतं?"

"काहीतरीच काय!"

पण तेच राहिलं. पुढे मी वारजं सोडलं, लग्न झालं, बाणेरला राहायला गेले. तरी काका फोन करतात तेव्हा आधी विचारतात, "काहून आहे का?" नवऱ्याला पहिल्यांदा काही कळेनाच, तो "काहून काय, आहे म्हणून आहे" म्हणाला.

मला सगळ्यात जास्त आठवते ती मात्र वारजं सोडायच्या आधीची एक सकाळ. श्रावण होता बहुतेक, खिडकीत धुकट उजेड. काकू खुर्चीत, शालीखाली उजवा हात, हातात तो लाल टाक्यांचा चेंडू. मी जमिनीवर, डोळे अर्धे मिटलेले. मोबाइलवर कालची संध्याकाळ. दाढीवाला टाकत होता आणि दमला होता. मॅनेजर कट्ट्यावरून उठला, सावकाश चालत निघाला. मला वाटलं, आता काका ओरडणार. ते ओरडले नाहीत. काकूही काही बोलल्या नाहीत. मॅनेजरनं हात पुढे केला. दाढीवाल्यानं चेंडू ठेवला आणि खाली मान घालून निघाला, आणि सगळी गर्दी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. दमून जाणाऱ्याला टाळ्या! मी ते आधीही पाहिलं असेल, पण माझ्या लक्षात त्या दिवशी आलं.

"अहो," काकू म्हणाल्या.

काकांनी वळून बघितलं. शालीतून काकूंचा उजवा हात बाहेर आला होता. थरथरत, इंच इंच पुढे येत होता, मुठीत चेंडू. काका पाटावरून उठले नाहीत, त्यांनी नुसता तळवा पुढे केला. काकूंची मूठ त्या तळव्यावर आली आणि थांबली. कपाळावर घाम आला त्यांच्या. काकांचा दुसरा हात सवयीनं वर आला, बोटं सोडवायला, आणि अर्ध्यातच थांबला. त्यांनी तो मागे घेतला.

करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. मग सगळी, एकेक करून. आणि चेंडू काकांच्या तळव्यात होता.

"घेतलं?" काकू म्हणाल्या. एकच शब्द, पण अख्खा.

काका चेंडूकडे बघत राहिले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. डोळ्यांतून पाणी गालांवर, गालांवरून सदऱ्यावर. काकू वाट बघत होत्या. रिकामा हात अजून काकांच्या तळव्यावर तसाच टेकलेला.

"अहो... घेतलं म्हणा की," त्या म्हणाल्या. "हात... दुखतो माझा."